स्टॅम्प काँक्रीट, दीड वर्षानंतर: नक्षी टिकली, सीलरने घात केला

अंगणात स्टॅम्प (ओल्या काँक्रीटवर साचे दाबून उठवलेली नक्षी), पायवाटेवर उघड्या खडीचं फिनिश आणि गाडीच्या उतारावर साधा खराटा ओढलेला कोबा. तिन्ही एकाच ठेकेदाराकडून करून घेतले. गेल्या आठवड्यात आई ओल्या अंगणात घसरली, म्हणून लिहायला बसलोय. हाड वाचलं, मनगट सुजलंय.

स्टॅम्प आजही सुरेख दिसतो, थेट दगडी फरशीच. पण वरचा ॲक्रिलिक सीलर, म्हणजे संरक्षक पारदर्शक थर, ओला झाला की पाय ठरत नाही. काम देताना मी दोनदा विचारलं होतं, घसरणार नाही ना? "काही होत नाही," म्हणाला. सीलरमध्ये मिसळायची बारीक रवाळ पूड मिळते, तिने पायाला पकड येते. ती त्याने टाकलीच नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

त्याआधी पहिल्याच पावसात पांढरे डाग उमटले होते. काँक्रीटमधून क्षार फुटले असं धरून चार महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, स्टॅम्पच्या वाटेला जाऊ नका. ते माझं चुकलं. एका कोपऱ्यात नखाने खरवडलं तर पातळ पापुद्रा सुटून आला आणि खाली विटकरी रंग जसाच्या तसा. म्हणजे ओल सीलरखाली अडकली होती. काँक्रीट ओतल्यावर 28 दिवस थांबायला हवं होतं. इथे पंधरवड्यातच सीलर मारला, तोही जाड. हातभर जागेवर झायलीन हे द्रावक फिरवून पाहिलं. सीलर विरघळला, ओल निघाली, डाग गेला. वास उग्र असतो, जवळपास आग नको.

उघड्या खडीला अनवाणी पाय टोचतात, बाकी तक्रार नाही. कोब्याकडे तर दीड वर्षात बघावंही लागलं नाही. स्टॅम्पला मात्र दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा सीलर, म्हणजे खर्च कायमचा मागे लागला. आज करायचं असतं तर स्टॅम्पची फक्त कडेने पट्टी घेतली असती, मधे खराटा.

आणि सांधे, म्हणजे तडा ठरल्या रेषेतच जावा म्हणून पाडतात त्या खाचा, वेळेत कापून घ्या. 100 मिमी जाडीला जास्तीत जास्त 3 मीटरवर, 25 मिमी खोल. आमच्याकडे उशिरा कापले, तर तडा बरोबर नक्षीच्या मधून गेला.

रविवारी उरलेले डाग काढून रवाळ पुडीचा पातळ हात मारणार आहे. तोवर आई मागच्या दाराने ये-जा करतेय.