मॉलिक्युलर वेट तपासणी: पैसे वाजवून घेतात, पण आलेख पूर्ण देतात

आमचं रत्नागिरीजवळ अल्जिनेटचं, म्हणजे समुद्री शेवाळातून निघणाऱ्या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाचं, छोटं युनिट आहे. पावसाळा सरला की किनाऱ्यावरच्या कातळाला सारगासम शेवाळ धरतं. ते वाळवायचं, आम्लाच्या पाण्यात धुवायचं, धुण्याच्या सोड्यात शिजवून सोडियम अल्जिनेट काढायचं, एवढाच उद्योग. कापडछपाईवाल्या गिऱ्हाइकाला फक्त घट्टपणा लागतो, तो आम्ही इथल्या इथे व्हिस्कोमीटरवर बघतो. जखमेच्या पट्ट्या बनवणारा मात्र पहिल्याच फोनवर विचारतो, "मॉलिक्युलर वेट किती?" म्हणजे मालातला रेणू किती जड. मग नमुना घाटावरच्या या लॅबकडे पाठवणं आलं, तिच्याबद्दलच हे लिहितोय.

आधी दुसऱ्या एका लॅबकडे पाठवायचो. एका पानाचा रिपोर्ट, त्यावर एकच आकडा, खाली सही-शिक्का. आकडा काढलेला पुलुलानच्या मोजपट्टीवर. पुलुलान ही बुरशीपासून मिळणारी, लवचिक आणि विद्युतभार नसलेली साखळी. आता गंमत अशी की तपासणीच्या कॉलमला, म्हणजे छिद्रांच्या मण्यांनी भरलेल्या नळीला, रेणूचं वजन कळत नाही, पाण्यात तो किती जागा अडवतो तेवढंच कळतं. मोठा रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरत नाही म्हणून आधी बाहेर पडतो, लहान आत-बाहेर करत मागून येतो. अल्जिनेटची साखळी ताठ, त्यात ऋणभाराने फुगलेली, म्हणून तेवढ्याच वजनाच्या पुलुलानपेक्षा जास्त जागा खाते आणि कागदावर वजनदार दिसते. आमच्या एका बॅचचा तिथला आकडा या लॅबच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला. गिऱ्हाइकाला तो मोठा आकडाच जास्त आवडला होता, ते सोडा.

या लॅबकडे कॉलमनंतर लेझरचा डिटेक्टर आहे. तो अनेक कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजतो. जोडीला अपवर्तनांकाचा डिटेक्टर त्या त्या क्षणी किती माल बाहेर येतोय ते सांगतो. दोन्ही मिळून वजन थेट निघतं, पुलुलानचं काम उरत नाही. या हिशेबाला लागणारा, संहतीबरोबर अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा यांनी 0.15 मिलिलिटर प्रति ग्रॅम धरलाय आणि तसं रिपोर्टात लिहिलंयही. वाहक द्रव 0.1 मोलर सोडियम नायट्रेट. तेही बरोबर, कारण नुसत्या पाण्यात साखळीवरचे भार एकमेकांना ढकलतात आणि ती आणखी ताणली जाते.

पण मी यांच्याकडे टिकलो तो रिकव्हरीमुळे. कॉलममध्ये घातलेल्यापैकी किती माल बाहेर आला तो टक्का हे छापून देतात. मागे एका बॅचला तो बराच कमी आला. शिवाय आलेखाच्या सुरुवातीला प्रकाशाच्या रेषेला डोंगर आणि अपवर्तनांकाची रेषा सपाट. याचा अर्थ माल चिमूटभर, पण गुठळ्या अवाढव्य, कारण रेणू जितका जड तितका प्रकाश जास्त विखुरतो. बाकीच्या गुठळ्या आधीच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरवर अडकल्या होत्या. तिथल्या मुलीने स्वतःहून फोन केला, "काका, मालात कॅल्शियम राहिलंय का? ईडीटीए घालून परत चालवून बघू?" कॅल्शियम साखळ्यांना बांधून गुठळ्या करतं, ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवतं. चालवलं, डोंगर बसला. आम्ही आम्लाच्या धुण्याचं एक पाणी वाढवलं. एक आकडा आणि शिक्का यातून हे कधी कळलं नसतं.

यांच्याकडे फील्ड-फ्लोचं यंत्रही आहे, रसायनशास्त्रज्ञ गिडिंग्ज यांनी 1966 मध्ये मांडलेल्या, रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीचं. त्यात मणी नसतात. चपट्या पन्हळीत आडवा प्रवाह रेणूंना तळाच्या पडद्याकडे ढकलतो, मोठे तळाशी संथ पाण्यात राहतात आणि लहान आधी बाहेर पडतात, म्हणजे कॉलमच्या नेमकं उलट. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिनसारखे कोट्यवधी डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू कॉलममधून रेटताना तुटू शकतात, त्यांच्यासाठी ते ठीक. अल्जिनेटवाल्यांनी उगाच त्यात पैसे घालू नयेत.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीच्या हापूसच्या पेटीचा भाव एका नमुन्याला. दर बॅचला परवडत नाही. रोजचा माल आम्ही घट्टपणा मोजायच्या काचेच्या उबेलोड नळीवर बघतो, मिठाच्या त्याच पाण्यात, आणि अधूनमधून लॅबच्या आकड्याशी ताडून घेतो. नळीला सरासरी कळते, लहानमोठ्यांची वाटणी कळत नाही. कच्चा डेटा मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितला की देतात. पाचपैकी चार.

पाचवा तारा कापला तो ओलाव्यापायी. आपल्याकडे पावसाळ्यात पावडर हवेतलं पाणी ओढते. 100 मिलिग्रॅम म्हणून तोललेल्यात 15 पाणीच असेल तर रिकव्हरी 85 च्या वर जाणार कशी? कोरड्या वजनावर हिशेब करायला हवा, आणि यांच्या फॉर्मवर ओलाव्याचा रकानाच नाही. कोकणातून पाठवणाऱ्यांनी पाकीट सिलिका जेल घालून सीलबंद करा, आपल्याकडेच ओव्हनमध्ये वाळवून काढलेला ओलाव्याचा टक्का फॉर्मच्या समासात लिहा आणि वर फोन करून सांगा.