जुनी कचराभूमी: झाकावी की उपसावी?

गावाबाहेरची म्हणून निवडलेली कचराभूमी वीस-पंचवीस वर्षांत वस्तीच्या मधोमध येते आणि नगरपरिषदेच्या सभेत प्रश्न उभा राहतो: हा डोंगर झाकायचा की उपसायचा?

झाकण्याचं ठळक उदाहरण मुंबईतलं गोराई. तिथे 1972 पासून सुमारे 20 हेक्टरांवर कचरा पडत होता. 2007 नंतर उतार नीट करून, वर पाणी न झिरपणारं आच्छादन घालून आणि आतला मिथेन नळ्यांनी गोळा करून ती जागा बंद केली. काम लवकर उरकतं. पण कचरा जागच्या जागीच राहतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी अशा जागेवर 15 वर्षं वस्तीचा विचार करता येणार नाही, अशी अट घातली होती. नंतरही वायू, झिरपणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता तपासावीच लागते. ही अट हलक्यात घेऊ नका. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचऱ्यावर कार्यालयं उभी राहिली, तिथले संगणक वारंवार बिघडू लागले आणि त्याचा संबंध जमिनीतून येणाऱ्या वायूंशी जोडला गेला. झाडं मात्र चालतात. माहीमचं 37 एकरांचं निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवरच वाढलं आहे.

उपसणं म्हणजे बायोमायनिंग: ढीग मोकळा करायचा, जिवाणूंचं द्रावण फवारून उलटापालट करायची, वाळला की ट्रॉमेलमधून, म्हणजे फिरत्या गोल चाळणीतून, चाळायचा. माती, दगडविटा आणि प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या होतात, जमीन मोकळी होते. इंदूरने देवगुराडिया कचराभूमीतला लाखो टन कचरा यंत्रं भाड्याने घेऊन स्वतःच्या देखरेखीखाली हटवला. मुंबईतल्या मुलुंडला 2018 मध्ये 70 लाख टन कचऱ्याचं 731 कोटींचं कंत्राट निघालं, म्हणजे टनामागे हजाराच्या वर. सहा वर्षांत ते पुरं झालं नाही.

लहान गावाला पैशाची अडचण वाटते तेवढी नाही. स्वच्छ भारत 2.0 मध्ये टनाला 550 रुपये धरले आहेत आणि एक लाखाखाली लोकसंख्येच्या शहरांना त्यातले निम्मे केंद्राकडून मिळतात. लाखभर टनांचा ढीग असेल तर साडेपाच कोटींत पावणेतीन कोटी तिकडचे.

खरी अडचण चाळल्यानंतर येते. प्लास्टिक-चिंध्या सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळता येतात, पण त्या घेणारा कारखाना हवा. चंद्रपूरकडच्या गावाला तो जवळ आहे. कोकणातल्या गावाला वाहतुकीचा भार जड जातो. चाळलेली मातीही जड धातूंची तपासणी केल्याशिवाय शेतात टाकू देऊ नका.

माझं मत उपसण्याच्या बाजूने आहे, कारण गावाला जमीन परत मिळते. मात्र निविदेआधी कारखान्याचं लेखी पत्र घ्या, ढिगाला भोकं पाडून आत काय आहे ते पाहा आणि बिल चाळलेल्या टनांवर न देता काट्यावर तोलून फाटकाबाहेर गेलेल्या टनांवर द्या. रोजचा नवा कचरा त्याच जागी पडत असेल, तर आधी तो थांबवा. तो वर्षभरात थांबण्याची चिन्हं नसतील, तर कंत्राटावर सही करू नका.