पडद्यावर १८, पिंपात २७

घरी बनवलेल्या बिअरच्या पहिल्या बॅचची बाटली उघडली आणि नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला. घोट घेतला तर घशात जळजळ. दोष मी स्वतःकडेच घेतला: भांडी नीट निर्जंतुक झाली नसतील, यीस्ट जुनं असेल. दुसऱ्या वेळी सगळं नव्याने घासलं, यीस्टही ताजं आणलं. तोच वास. बिअर आंबवायचं पिंप ज्या थंड पेटीत ठेवत होतो तिच्यावर तोवर संशय गेला नव्हता, कारण तिच्या पडद्यावर लाल अंकांत १८ दिसत होतं.

पेटी तयार घेतली होती. स्वतः बनवायचा कंटाळा, दुसरं काही नाही. थर्माकोलचा खोका, आतून चकचकीत फॉइल, मागे पेल्टिए मॉड्यूल (वीज दिली की एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने गरम होणारा चपटा तुकडा) आणि पंखे, पुढे तापमान बघून ते चालू-बंद करणारा एसटीसी-१००० धर्तीचा कंट्रोलर. २० लिटरचं पिंप कितीही उकाड्यात १८ अंशांवर राहील, असं विकणारा छातीठोकपणे सांगत होता. एल या प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश मानवतात, म्हणजे मला तेवढंच हवं होतं.

त्याने रिकामी पेटी चालू करून दाखवली. आकडा २४ वरून सुरू झाला आणि अर्ध्या तासात १८ वर आला. मी खूश. त्या खोलीत मी रुमालाने मान पुसत बसलो होतो, आणि तरीही पहिला आकडा २४ कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आजही त्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसरी खूण तर मीच उपटून टाकली. पिंपाला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी लावली होती, ती २७ दाखवत होती. एवढीशी चिकटपट्टी ती, कंट्रोलरपुढे तिचं काय, म्हणून काढून खणात टाकली.

तिसऱ्या बॅचच्या आधी मात्र एक काम केलं. पेल्यात बर्फाचा चुरा भरला, जेमतेम पाणी घातलं, ढवळलं आणि सेन्सर त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवला. असल्या काल्यात शून्य अंश असायला हवेत, फार तर अंशभर इकडेतिकडे. पडद्यावर उणे ६.१. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये शिरलो. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती फरकाला चालू-बंद व्हायचं, एफ३ म्हणजे कॉम्प्रेसरसाठीचा थांबा, आणि एफ४ म्हणजे सेन्सरची चूक भरून काढायची दुरुस्ती. ती उणे १० ते अधिक १० अंशांपर्यंत देता येते. चांगल्या सेन्सरला ती शून्यच्या आसपास पुरते. माझ्या पेटीत ती उणे ६ होती. म्हणजे १८ दिसत होतं तेव्हा आतली हवा २४ अंशांवर होती. त्यात आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे ऐन भरात पिंपातलं तापमान भोवतालच्या हवेच्या तीनेक अंश वर जातं. पट्टी बिचारी खरं सांगत होती. एवढ्या उष्णतेत यीस्टकडून फ्यूजेल अल्कोहोल (घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं) आणि एथिल ॲसिटेट प्रमाणाबाहेर तयार होतात. घशातली जळजळ आणि रिमूव्हरचा वास त्यातूनच.

एफ४ शून्यावर आणून पेटी रात्रभर चालवली. २४ च्या खाली आलीच नाही. मग मागची बाजू उघडली. मॉड्यूलवर टीईसी१-१२७१५ असं छापलेलं. यातला १२७ म्हणजे आतल्या अर्धवाहकांच्या जोड्यांची संख्या आणि शेवटचे दोन अंक म्हणजे कमाल अँपिअर, म्हणजे हे १५ अँपिअरचं. मीटर लावला तर ते चारच्या थोडं वर घेत होतं. ही चाल १२७०६ ची, म्हणजे कमाल ६ अँपिअरवाल्या धाकट्या मॉड्यूलची, छापा मात्र मोठ्या भावाचा. सोबतचा अडॅप्टर १२ व्होल्ट, ६ अँपिअरचा, आणि ते त्याच्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं! १५ अँपिअरचं मॉड्यूल त्यावर पूर्ण ताकदीने चालणारच नाही, हे पेटी घेताना दहा सेकंदांत कळलं असतं.

रिकाम्या पेटीचा खेळही समजून घ्या. १०० लिटर हवा १० अंशांनी थंड करायला जेमतेम सव्वा किलोज्यूल काढावे लागतात. २० लिटर पाण्याला त्याच १० अंशांसाठी सुमारे ८४० लागतात. पेल्टिएने खरोखर २० वॅट उष्णता बाहेर फेकली तरी साडेअकरा तास, तेही भिंतींतून काहीच आत येत नाही असं धरून. इथे भिंत बोटभर जाडीचीसुद्धा नव्हती. पेल्टिएच्या तक्त्यात थंड आणि गरम बाजूंत ६५ अंशांहून जास्त फरक लिहिलेला असतो, पण तो उष्णतेचा भार शून्य असतानाचा. शिवाय ते बंद झालं की मागच्या हीटसिंकची (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांची) ऊब त्याच्यातूनच उलट आत येते.

अशी पेटी घेणारच असाल तर आत पाण्याने भरलेलं पिंप ठेवून रात्रभर चालवायला सांगा, पाण्यात स्वतःचा थर्मामीटर बुडवा आणि एफ४ समोर उघडून बघा. विकणारा आढेवेढे घेऊ लागला तर उठा.

मी आता जुना छोटा फ्रिज वापरतो. कंट्रोलर तोच, एफ३ पाच मिनिटांवर, म्हणजे कॉम्प्रेसर बंद होऊन लगेच चालू होत नाही. सेन्सर पिंपाच्या अंगाला टेकवून वर फोमचा तुकडा बांधलाय, कारण हवेचं तापमान मोजून काही कळत नाही. पट्टी खणातून काढून परत लावली आहे.

विकणाऱ्याला फोन केला होता. आधी म्हणाला, "सर, तुमच्या यीस्टमध्येच गडबड असेल." उणे ६ चा विषय काढल्यावर क्षणभर गप्प. मग म्हणाला, "पण सर, पडद्यावर १८ येतंय ना?" त्यानंतर त्याने माझे फोन उचलले नाहीत. पेटीची जाहिरात अजून चालू आहे. व्हिडिओत मागे पंखा जोरात फिरतोय, आणि आकडा २४ वरून सुरू होतो.