छातीपट्टा, क्लिकर आणि आमची कुंदा: नऊ महिने वापरल्यानंतर

जानेवारीच्या शेवटी ऑनलाइन एक संच मागवला होता. त्यात पुढे छातीवर कडी असलेला पट्टा, दहा मीटरची नायलॉनची दोरी, एक क्लिकर आणि कमरेला अडकवायची खाऊची पिशवी होती. सगळं मिळून सतराशे रुपये. बॉक्सवर लिहिलं होतं, ‘दोन आठवड्यांत फरक’. आता ऑक्टोबर चाललाय, फरक पडलाय, पण दोन आठवड्यांत नाही आणि बॉक्समधल्या वस्तूंमुळे तर थोडाच.

आधी कुत्रीबद्दल सांगते, कारण पट्ट्याचा निम्मा घोळ तिच्या अंगलटीमुळे झाला. आम्ही बेळगावात वडगावला राहतो, घरालाच लागून पॉवरलूम आहेत. कुंदा आली तेव्हा तीन महिन्यांची होती. रंग अगदी भट्टीवरून उतरलेल्या कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, म्हणून मुलानं तेच नाव ठेवलं. आई मुधोळ, बाप गल्लीतला कोणीतरी. मुधोळ इथून काही फार लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात. तिथली ही शिकारी जात 2005 साली पोस्टाच्या तिकिटावरही आली होती. ही कुत्री वासापेक्षा डोळ्यांनी शिकार करतात. लांब शेतात काही हललं की डोकं बंद आणि पाय सुरू. येळ्ळूर रोडला फिरायला गेलो की राजहंसगडाच्या बाजूला एखादी कोंबडी दिसायची आणि माझा खांदा निखळायचा. सासूबाईंना तर एकदा अर्धी गल्ली ओढत नेलं होतं.

आता पट्टा. पुढच्या कडीचं तत्त्व चांगलं आहे. कुत्रं ओढायला लागलं की त्याचं अंग बाजूला वळतं, जोर मोडतो. पाठीवरच्या कडीला दोरी लावली तर उलट बैलाला जू घातल्यासारखं होतं, सगळ्या छातीनिशी ओढतं. हे पहिल्याच दिवशी कळलं. पण मी साइज वजन बघून ‘मीडियम’ घेतला होता आणि मुधोळची छाती खोल, कंबर मुठीएवढी. चौथ्या दिवशी समोरून बकऱ्या आल्या. कुंदा घाबरून मागे सरकली आणि चोळीतून हात काढावा तशी पट्ट्यातून बाहेर. माझ्या हातात रिकामा पट्टा. बकऱ्यांमागे न पळता ती घराकडे पळाली हे माझं नशीब. तेव्हा वजन बघू नका. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीचा घेर टेपनं मोजा, दोन बोटं आत जातील एवढाच सैल ठेवा. या जातीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा गळपट्टाही कानांवरून निसटतो. त्यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो. ओढलं की तो डोकं निसटणार नाही एवढाच आवळतो आणि तिथंच थांबतो. मी पुढे दोन्ही घातले आणि एकाच दोरीला जोडले.

पावसाळ्यात पट्ट्याची खरी परीक्षा झाली. बेळगावचा पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथं नायलॉन काय वाळणार? काखेत चट्टे उठले, केस गेले. कडीला जुलैतच गंज. आतून जुन्या मऊ लुगड्याची पट्टी शिवून घेतली तेव्हा थांबलं. दहा मीटरची दोरीही बाद. कुंदा एकदा सुसाट सुटली आणि दोरी तळहातातून अशी सरकली की दोन दिवस भाकरी थापता आली नाही. मग बाजारातून खाटेची सुती नवार आणली. रुंद असते, हात कापत नाही, धुता येते. तिला एक मजबूत आकडा शिवला. संचातल्या दोरीपेक्षा निम्म्याहून कमी पैशात काम झालं.

पण कुठलाही पट्टा ओढणं शिकवत नाही की थांबवत नाही, नुसता वेळ मिळवून देतो. दोरी ताणली गेली की मी जागेवर खांबासारखी उभी राहायची. ती मागे वळून बघेपर्यंत एक पाऊल नाही. बघितलं, दोरी सैल झाली, की चालू. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागली आणि दुकानदारानं विचारलं, ‘वहिनी, काही हरवलं काय?’ साडेतीन आठवड्यांनी तेच अंतर चार मिनिटांत होऊ लागलं.

क्लिकर म्हणजे दाबलं की ‘टक्’ वाजणारी डबी. आधी दोन दिवस काही न मागता टक्, लगेच खाऊ, असं करायचं. मग ती बसली त्याच क्षणी टक्, की ‘आत्ता जे केलंस ते बरोबर’ हे तिला नेमकं कळतं. खाऊ यायला दोन सेकंद उशीर झाला तरी चालतं, टक् उशिरा चालत नाही. खाऊ म्हणजे उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे वाटाण्याएवढे तुकडे. संचातली पिशवी एवढी बारीक की बोटंच आत जाईनात, म्हणून जुना स्टीलचा डबा.

आमच्या घरात मात्र क्लिकरचा एक मोठा गोंधळ झाला. माग चालू असले की त्या खटखटीत टक् ऐकूच येत नाही. कुंदा बसायची, मी दाबायची, ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मग मी हाताची खूण सुरू केली. अंगठा वर म्हणजे शाब्बास. बहिऱ्या कुत्र्यांना खुणांनीच शिकवतात, मग हिला का नको?

यातूनच घरातला खरा रोग सापडला. एका संध्याकाळी वहीत लिहून काढलं की कुंदाला आम्ही काय काय म्हणतो. मी ‘बस’ म्हणते. मुलगा शाळेतलं ‘सिट’. मागावरचे मामा कन्नडमध्ये ‘कुंदरु’. सासूबाई ‘बस गं माझी बाय, बस बस बस’. बोलावताना ‘ये’, ‘कम’, ‘बा’. नको म्हणायला ‘नको’, ‘नो’, ‘ब्याड’. त्यात ‘कुंदा’ आणि ‘कुंदरु’ तिच्या कानाला जवळजवळ सारखेच! बिचारी नाव ऐकून खूश होऊन धावत यायची आणि मामा म्हणायचे, ही ऐकतच नाही. आम्ही माणसं या सीमेवर भाषेवरून किती भांडतो, पण कुत्र्याच्या बाबतीत तोडगा एका दिवसात निघाला. हात खाली म्हणजे बस, हात छातीकडे ओढला म्हणजे ये, पंजा समोर म्हणजे थांब. तोंडानं ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. दहा दिवसांत चारही माणसांचं ऐकायला लागली. नऊ महिन्यांत केलेल्या सगळ्यात हे एकच फुकट होतं आणि तेच सगळ्यात जास्त लागू पडलं.

ताटाजवळ भीक मागणं मात्र महिनाभर सुटलं नाही. कारण सासूबाई. मुलगा तिला चटईवर थांबायला शिकवायचा आणि त्या म्हणायच्या, ‘काय करूलास रे तिला? उपाशी ठेवूलास होय?’ आणि भाकरीचा तुकडा खाली. रोज दिला असता तर एक वेळ बरं. कधी द्यायच्या, कधी नाही, हे जास्त वाईट. मटक्याचा आकडा कधीतरी लागतो म्हणूनच माणूस रोज लावतो, तसंच आहे हे. शेवटी सासूबाईंनाच काम दिलं. त्यांनी द्यायचं, पण चटईवर बसली असेल तेव्हाच आणि तिथं जाऊन. आता चटईवरून उठली तर त्याच ओरडतात. एकदा अथणीच्या पाव्हण्यांनी बेदाणे आणले होते, त्यातले मूठभर तिला द्यायला निघाल्या तेव्हा मात्र मी हात धरला. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होऊ शकतात. कांदाही नको.

घरात घाण करणं लवकर सुटलं. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं नाक त्यात घासा. एकदा नवऱ्यानं केलं. परिणाम एवढाच की ती आमच्यासमोर करायची बंद झाली आणि मागामागे जाऊन करू लागली. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर नेणं आणि तिथं केलं की तिथंच खाऊ, एवढंच पुरलं. फिनाईलनं आपल्या नाकाचा वास जातो, तिच्या नाही. एन्झाईमवालं, म्हणजे वासाचं मूळच मोडून काढणारं, द्रावण वापरा.

गेटवरून भुंकणं निम्मंच कमी झालंय. दुर्लक्ष करा असं सगळे सांगतात, पण दुर्लक्ष सुरू केलं की आधी ते वाढतं हे सांगत नाहीत. पाचव्या दिवशी ती इतकी भुंकली की आम्ही हरणारच होतो. शेवटी गेटच्या खालच्या जाळीला ताडपत्री बांधली, दिसणंच बंद. कोंबड्यांच्या बाबतीत मी हात टेकलेत. बोलावलं की दहापैकी सात वेळा येते. उरलेल्या तिनांसाठी नवार कायम हातात.

अजून राहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे फटाके. विसर्जनाच्या रात्री ती पलंगाखाली थरथरत होती, पाणीही प्यायली नाही. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, फटाक्यांचा आवाज मोबाईलवर अगदी हळू लावून सोबत काळीज द्यायचं, आवाज रोज थोडा वाढवायचा, घाबरली की परत कमी. दुसरी, भीती फार असेल तर दिवाळीच्या आधी येऊन गोळी लिहून घ्या, घरातली कुठलीही देऊ नका. मजा अशी की मागाच्या खटखटीला ती अजिबात भीत नाही, उलट त्याच खोलीच्या दारात निवांत झोपते. म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री माग चालू ठेवूया, फटाके ऐकू येणार नाहीत. तो म्हणाला, लक्ष्मीपूजनाला माग चालवलेला आमच्या सात पिढ्यांत कोणी बघितलाय? मग परवा दुपारी चारही माग चालू असताना मोबाईल दारात ठेवून तासभर खटखट रेकॉर्ड करून घेतलीय.