कोलिजन ट्रॅक किट: वेल्क्रोवर फिदा, गेटवर नाराज (४ स्टार)

भाची अकरावीत, टकरींचा चॅप्टर तिच्या डोक्यावरून चालला होता म्हणून हा सेट मागवला. दोन गाड्या, लांब ॲल्युमिनियमचा ट्रॅक, दोन सेन्सर गेट (गाडी त्यातून गेली की तिचा वेग दाखवतात) आणि गाडीवर ठेवायला वजनं. दोन आठवडे वापरून मगच लिहितोय, बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही.

आधी ट्रॅक लेव्हल करा बाबांनो. गाडी मधोमध ठेवून हात काढायचा, आपणहून सरकली तर खालचा स्क्रू फिरवायचा. आम्ही पहिल्या दिवशी हे केलंच नाही आणि तासभर उगाच आकड्यांशी भांडत बसलो.

गाडी २५० ग्रॅमची. एक उभी, दुसरी ०.४० मीटर पर सेकंदने आली. मॅग्नेटची बाजू समोरासमोर ठेवली की गाड्या एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत, येणारी जागच्या जागी थबकते आणि उभी असलेली ०.३८ ने सुटते, बघायला जाम भारी वाटतं. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ५ टक्के कमी भरला, तो मुख्यतः घर्षणाने खाल्ला, पण गतिज ऊर्जेत (गतीमुळे असलेल्या ऊर्जेत) वेगाचा वर्ग येतो ना, म्हणून तिथे तीच घट १० टक्क्यांच्या घरात दिसते. जोरात ढकललं तर मात्र मॅग्नेट कमी पडतात, टक्क करून आवाज येतो, आणि आवाज आला की समजायचं टक्कर इलॅस्टिक, म्हणजे गतिज ऊर्जा टिकवणारी, राहिली नाही. मॅन्युअलमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. स्प्रिंगवाली बाजू ठीकठाक.

खरी मजा वेल्क्रोत. गाड्या फिरवून वेल्क्रो समोरासमोर केला, चिकटल्या आणि जोडीने ०.१९ ने निघाल्या. संवेग जवळपास तेवढाच, ऊर्जा मात्र ०.०२० ज्यूलवरून ०.००९ वर. भाची म्हणते, "मामा, वेल्क्रो हलका दिलाय का त्यांनी?" म्हटलं, नाही गं, चिकणमाती लाव नाहीतर डिंक लाव, निम्मी जाणारच! वस्तुमान दुप्पट झालं म्हणजे संवेग टिकायला वेग निम्मा व्हायलाच हवा, आणि निम्म्याचा वर्ग पाव, दुप्पट गुणिले पाव, झालं की अर्धं. गेलेली ऊर्जा उष्णतेत, आवाजात आणि वेल्क्रोचे हूक वाकवण्यात गेली. हे गणित तिने वहीत चार वेळा केलं होतं पण पटलं इथे.

आता तक्रार. गेटला दिशा कळत नाही, नुसता वेग दाखवतो. उभ्या गाडीवर वजन ठेवून ती ५०० ग्रॅमची केली, पुन्हा मॅग्नेट, हलकी परत उलटी आली ०.१२ ने आणि जड पुढे गेली ०.२६ ने. भाचीने दोन्ही संवेग बेरजेत धरले, ०.१३ अधिक ०.०३, म्हणजे ०.१६, आणि ओरडली, "मामा, संवेग वाढला!" सुरुवातीला होता ०.१०. मीही दोन मिनिटं गेटलाच शिव्या घातल्या, मग ट्यूब पेटली की उलट्या गाडीचा संवेग उणे धरायचा, ०.१३ वजा ०.०३, बरोब्बर ०.१०. ऊर्जेला दिशा नसते, तिथे सरळ बेरीज, ती ०.०१९ च्या आसपास भरली. तेवढी एक ओळ छापायला काय जात होतं?

शेवटी भाचीनेच ट्रॅकच्या कडेला स्केचपेनने बाण काढून अधिक-उणे लिहिलं. एक स्टार त्याचा कापला.