आजऱ्याचा सेंद्रिय घनसाळ: तांदूळ पास, पिशवी नापास

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याकडच्या एका शेतकरी गटाकडून गेली तीन वर्षं घनसाळ (तिकडचा वासाचा तांदूळ) मागवतोय, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि माणसं चांगली आहेत. रेट १४० रुपये किलो, १० किलोच्या खाली पाठवत नाहीत, कुरिअर वेगळं.

तांदूळ एक नंबर. कुकर उघडला की शेजारच्या काकू विचारतात आज काय विशेष. दाणा छोटा, भात मऊ होतो, आमटीभाताला याच्यासारखा दुसरा नाही, पण पुलाव बिलाव करायला जाऊ नका, लगदा होईल. २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून जो तो आजरा घनसाळ लिहून काहीही विकतो, आमच्या पुण्यातल्या एका दुकानातला घरी आणला तर वासच नाही.

आता १४० महाग का, तर मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो तेव्हा गटाच्या गोडाऊनवर जाऊन सरळ विचारलं. ते शेतकऱ्याला भाताचे, म्हणजे तुसासकट धान्याचे, किलोला ५२ देतात (सरकारी हमीभाव साध्या भाताला २०२५-२६ ला क्विंटलला २३६९, म्हणजे दुपटीच्या वर). १०० किलो भात गिरणीत घातलं की तूस-कोंडा जाऊन ६०-६५ किलो तांदूळ येतो, त्यातली कणी (तुटके दाणे) काढली की अख्खा ५५ च्या आसपास. म्हणजे एका किलोमागे ९५ रुपये तिथेच गेले, कणी-कोंडा विकून थोडे परत येतात. उरलेल्या ४५ मध्ये गिरणी, गाडीभाडं, पिशवी, सेंद्रिय सर्टिफिकेटची फी, ५ टक्के जीएसटी आणि हिशेब ठेवणाऱ्या पोराचा पगार. लुटतायत असं मला तरी वाटलं नाही.

आणि सेंद्रिय केल्याने उत्पादन घटतं म्हणतात ते घनसाळला तितकं लागू नाही. हे भात मुळातच उंच, युरिया जास्त पडला की अजून वाढतं आणि ऑक्टोबरच्या पावसात आडवं होतं, मग कापणीला दुप्पट गडी. मामा म्हणतात एकरी ८-१० क्विंटल आलं तरी बास, खत मारून फार काही हाती लागत नाही. खरा त्रास सर्टिफिकेटचा, रासायनिक बंद केल्यावर पहिली दोन वर्षं सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, शिक्का नाही तर भाव पण नाही.

आता तक्रार. यंदा जूनमध्ये मागवलेल्या १० किलोत सोंडेच सोंडे! फोन केला तर म्हणे सर, आम्ही किडीच्या गोळ्या टाकत नाही. मान्य, सेंद्रियात त्या गोळ्या चालत नाहीत, पण म्हणून जानेवारीत सगळा माल एकदम भरडून साध्या पिशवीत जूनपर्यंत ठेवायचा का? भात तुसातच ठेवा ना, ऑर्डर येईल तसं भरडा, कीड कमी लागते आणि वास पण टिकतो. तर म्हणाले गिरणी आपली नाही, दुसऱ्याच्या गिरणीवर थोडं थोडं नेलं की भाडं परवडत नाही. बरं, निदान व्हॅक्युम पॅक तरी करा, ८-१० रुपये जास्त घ्या, मी देईन. बदली माल पाठवला, पण तीन आठवड्यांनी आणि चार फोननंतर.

दुसरी गोष्ट, मार्चनंतर माल संपतो तरी किंवा असा राहिलेला तरी मिळतो. याचं कारण मामांनी सांगितलं. गट भात घेताना ३५ देतो, बाकीचे १७ रुपये मे महिन्यात. व्यापारी नोव्हेंबरला दारात येऊन ४२ रोख मोजतो. ३१ मार्चच्या आत गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, घरात लग्न असतं, त्यामुळे सभासदच निम्मं भात व्यापाऱ्याला घालतात, मामांनी पण घातलंय, लपवत नाहीत. गटाकडे तेव्हा पैसाच नसतो.

म्हणून मी यावेळी त्यांना सांगितलं, नोव्हेंबरलाच ३० किलोचे पैसे घ्या आणि दर दोन महिन्यांनी १० किलो ताजा भरडून पाठवा. आम्ही राहतो त्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर अजून सहा घरं तयार झाली. गटाचं उत्तर आलं, 'मीटिंगमध्ये विषय घेतो.' तीन आठवडे झाले.

तांदळाला ५ स्टार, पिशवीला १. मार्चच्या आत मागवणार असाल तर डोळे झाकून घ्या, त्यानंतर मागवलात तर आधी परातीत ओतून बघा.