वाकळेसाठी घेतलेल्या ‘शुद्ध सुती’ कापडात झालेली फसवणूक

माझ्या लेकीला सातवा महिना लागला, तेव्हा येणाऱ्या बाळासाठी मी वाकळ शिवायला घेतली. आत घालायला आईची दोन जुनी नऊवारी लुगडी जपून ठेवलेली होती. वरच्या ठिगळांसाठी आणि खालच्या अस्तरासाठी तेवढे नवे कापड हवे होते. त्या खरेदीत कोल्हापुरातील एका दुकानात माझी जी फसवणूक झाली, ती वाकळ किंवा गोधडी शिवणाऱ्या इतर कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तान्ह्या बाळाच्या अंगाला लागणारे कापड सुतीच हवे, कारण ते घाम शोषून घेते, धुण्याने मऊ होत जाते आणि हाताने धावदोरा घालताना सुई त्यातून सहज निघते. हे मी दुकानदाराला आधीच सांगितले होते. त्याने लाल, निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या रंगांचे ताके काढले, ‘इचलकरंजीचा माल आहे, शंभर टक्के सुती’ असे सांगितले आणि मी न मागताच लाल ताक्यातून एक धागा ओढून काडीने पेटवला. धागा कागदासारखा जळाला, वासही जळक्या कागदाचाच आला आणि बोटांत चुरडताच राखेची पूड झाली. पॉलिस्टर आगीपासून आकसते, वितळते आणि निवल्यावर त्याची कडक काळी गाठ उरते, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे डोळ्यांदेखत झालेल्या परीक्षेवर माझा पूर्ण विश्वास बसला. शिवाय इचलकरंजीचे नाव निघाले की आम्ही कोल्हापूरकर निर्धास्त होतो. पण तिथल्या यंत्रमागांवर सुती धागा चालतो तसा मिश्र धागाही चालतो, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही.

गोम अशी होती की त्याने ओढलेला धागा आडवा होता. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा, आणि या दोहोंचा धागा एकच असेल असे नाही. माझ्या लाल कापडाचा बाणा सुती होता आणि ताणा पॉलिस्टरचा. घरी काठाजवळचा उभा धागा मी पुढे स्वतः पेटवला, तेव्हा तो मेणासारखा वितळून मोहरीएवढी काळी गाठ झाला. दुकानदाराला हे माहीत नव्हते, असे मानायला मी तयार नाही.

ठिगळांसाठी चार रंगांचे दोन-दोन मीटर आणि अस्तराचे पांढरे पाच मीटर, असे तेरा मीटर कापड १४० रुपये दराने १,८२० रुपयांना पडले. ‘पक्के बिल केले तर पाच टक्के जीएसटी लागेल’ असे तो म्हणाला, आणि ९१ रुपये वाचवण्यासाठी मी कच्ची चिठ्ठी घेतली. पैसेही रोख दिले.

पावसामुळे कापड वाळणार नाही म्हणून मी ते आधी धुतले नाही, ही माझी चूक मी मान्य करते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि त्यातली खळ निघून गेल्याशिवाय त्याचा खरा पोतही कळत नाही. दीड महिना रोज दुपारी बसून शिवलेली वाकळ पहिल्यांदा धुतली, तेव्हा बादलीतले पाणी लाल झाले. सहा इंचांची चौकोनी ठिगळे एका बाजूने पाव इंच आटली, दुसऱ्या बाजूने मुळीच आटली नाहीत. अस्तर मात्र दोन्हीकडून आटल्यामुळे सगळ्या वाकळेवर चुण्या पडल्या. एक टाका उसवून आत पाहिले, तर लाल रंग आईच्या लुगड्यापर्यंत उतरला होता.

दुकानात गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “वैनी, ह्या चिठ्ठीवर आमच्या दुकानाचं नाव कुठं हाय, दाखवा की.” बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण कापड त्याच दुकानातून घेतले, हे दाखवायला माझ्या हातात काहीच नव्हते.

तेव्हा कापड घेताना प्रत्येक ताक्यातून आडवा आणि उभा असे दोन्ही धागे स्वतः ओढा आणि दोन्ही वेगवेगळे पेटवून पाहा. मिश्र धागा असेल तर राखेतही कडक खडा हाताला लागतो. लाल, निळ्या आणि काळ्या कापडाचा तुकडा आधी आणून, ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी जोडू नका. बिलावर ‘सुती’ हा शब्द लिहून घ्या, आणि दुकानदार तो लिहायला टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

वाकळ मी पूर्ण उसवली आहे. एक लुगडे वाचले. दुसऱ्याच्या पदरावरचा लाल डाग तीन धुण्यांनंतरही तसाच आहे.